घोड्याचा सौदा आणि सत्यधर्म

व्यवहारात सत्य कोठवर बोलावे, हा प्रश्न फार जुना आहे. खोटे बोलू नये, एवढे तर लहान मुलासही कळते. परंतु ज्याविषयी आपणांस कोणी विचारलेच नाही, ते आपण होऊन सांगण्याचे बंधन आपणांवर आहे काय? मौन हे असत्य ठरते काय, आणि ठरत असल्यास केव्हा? या प्रश्नाची कसोटी पाहावयाची असेल तर घोड्याच्या खरेदी-विक्रीसारखे दुसरे क्षेत्र क्वचितच सापडेल. म्हणून त्या निमित्ताने चार विचार सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

कोणी म्हणेल, आता घोडे राहिले कोठे? आपल्या शहरांतील टांगे बहुतेक गेले, पागा ओस पडल्या. हे खरे आहे. तरीही दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोडे येतात. माथेरानावर घोड्यावरच अनेक कुटुंबांचे पोट चालते. आणि वरातीच्या घोडीवाचून पुष्कळ घरांतील लग्न अजून पुरे होत नाही. यात्रेतील बाजारात निदान चार जाणत्यांचे डोळे जनावरावर फिरतात. खरी अडचण होते ती खाजगी सौद्यात. एका घरच्या अंगणात एक विकणारा, एक घेणारा आणि मध्ये एक मुके जनावर! तेथे पंच नाही, दलाल नाही, उद्या पुन्हा तोंड दाखवावयाचे आहे अशी लाजही नाही. शिवाय येथे जे घोड्याविषयी लागू आहे तेच दुभत्या गाईविषयी, जुन्या घराविषयी, वापरलेल्या मोटारीविषयी, आणि जरा धीर करून म्हणावयाचे तर सोयरिकीच्या बोलण्याविषयीही लागू आहे.

प्रथम हे पाहू की घोड्याचाच सौदा इतका अवघड का व्हावा. डोळ्यांना दिसते ते थोडे आहे: रंग, उंची, मानेची ठेवण, पायांची सरळ उभारणी, दुडकी चाल. न दिसणारे मात्र पुष्कळ. तंग आवळताच तो चावावयास धावतो काय? मोटारीचा कर्णा वाजला तर उधळतो काय? सोबतीच्या जनावरावाचून एकटा उभा राहतो काय? गव्हाणीस दात टेकून हवा गिळण्याची खोड त्यास आहे काय? काही घोड्यांचे डोळे मधून मधून सुजतात, बरे होतात आणि पुन्हा सुजतात; बऱ्या दिवसांत पाहणाऱ्यास शंकाही येत नाही, आणि शेवटी दृष्टी जाते. काहींचे लंगडणे विश्रांतीनंतर दिसेनासे होते आणि कामाला जुंपल्यावर पुन्हा प्रकट होते. वय दातांवरून कळते हे खरे. पण पाच वर्षांपर्यंत ते बऱ्याच खात्रीने कळते, आठांपर्यंत साधारण कळते, आणि पुढे अंदाजच अधिक चालतो. त्यातही दात घासून, त्यांत खळगे कोरून व डाग देऊन म्हातारा घोडा तरुण भासविण्याची लबाडी देशोदेशी चालत आली आहे. हल्ली तर दुखणे दाबणाऱ्या औषधाने लंगडा घोडा दोन दिवस सरळ चालतो. म्हणूनच इंग्लंडात खरेदीपूर्व तपासणीच्या वेळी पशुवैद्य घोड्याचे रक्त काढून त्याचा नमुना काही महिने राखून ठेवतात. पुढे वाद निघाला तर औषध दिले होते की नाही हे त्यावरून कळावे म्हणून.

सारांश, ज्याने चार वर्षे त्या घोड्यास चंदी घातली, खरारा केला, त्यास सर्व माहीत असते. आणि जो एका सायंकाळी तासभर पाहावयास आला, त्यास काहीच माहीत नसते. एका बाजूस ज्ञान आणि दुसऱ्या बाजूस निव्वळ विश्वास, अशी ही विषमता आहे. साऱ्या वैतागाचे मूळ तीतच आहे.

घेणाऱ्याचा वैताग सर्वांस ठाऊक आहे. “घोडा अगदी गरीब, लहान मुलेही बसतात,” असा निरोप येतो. गाडीभाडे खर्चून पाहावयास जावे तो घोडा घामाघूम. पाहुणे येण्यापूर्वीच त्यास इतके पळविलेले असते की त्याच्या अंगी खोडी करण्याचे त्राण उरू नये. “चावतो का?” असे विचारल्यास उत्तर येते, “आम्हाला तर कधी चावला नाही.” हे खरेही असेल, कारण घरची माणसे त्याच्या तोंडापाशी जातच नसतील! धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ असे पुटपुटले त्यात अक्षरशः खोटे काहीच नव्हते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. पण ऐकणाऱ्याने काय समजावे या हेतूने ते बोलले गेले, ते पाहूनच त्या वाक्याची किंमत ठरली, आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. महाभारतकारांनी सत्यवादी म्हणून ख्यात असलेल्या पुरुषाच्याच तोंडी हे अर्धसत्य घातले, यात मोठा बोध आहे. अर्धसत्याचा मोह लबाडास होत नाही, त्यास पुरते खोटे बोलता येते. तो मोह होतो तो सज्जनास.

त्याच ग्रंथाच्या आदिपर्वात घोड्याचे रूप पालटून फसविल्याची कथाही आहे. उच्चैःश्रव्याचे पुच्छ कोणत्या रंगाचे, यावर कद्रू आणि विनता यांची पैज लागली. घोडा सर्वांगी शुभ्र होता. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांस त्याच्या पुच्छास काळ्या केसांप्रमाणे चिकटून राहावयास लावले आणि विनतेस दास्यात लोटले. तेथे विक्री नव्हती, पैज होती; पण रंग दिलेले दात आणि सापांनी काळे केलेले पुच्छ यांत जातीचा फरक काही नाही.

परंतु न्याय करावयाचा तर विकणाऱ्याचेही ऐकले पाहिजे. घेणारे सारे भोळे असतात असे मुळीच नाही. “उद्या नक्की येतो, घोडा कोणास देऊ नका,” असे सांगून गेलेला गृहस्थ पुन्हा दिसत नाही, आणि त्याच्या शब्दाखातर दुसरे गिऱ्हाईक परत पाठविलेले असते. मनात घोडा भरलेला असूनही तोंडाने त्याची नालस्ती करावयाची, की भाव उतरावा. “अमक्या ठिकाणी याहून चांगला निम्म्या किमतीत मिळतो,” असे सांगावयाचे, आणि ते ठिकाण अस्तित्वातच नसावयाचे. इसार देऊन उरलेल्या रकमेसाठी महिनोन्महिने झुलवावयाचे. हे सारे असत्यच आहे. याहून वाईट म्हणजे आपले अज्ञान लपविणे. ज्याने आयुष्यात लगाम धरला नाही तो “आमच्या घरी पूर्वीपासून घोडे,” असे सांगून तेज घोडा घेऊन जातो, आठ दिवसांत पडतो, आणि मग घोड्यास खोडील ठरवून विकणाऱ्याच्या दारात उभा राहतो. आणि मुलाला बसावयास म्हणून मागितलेली घोडी पुढे ओझे ओढताना दिसली, तर तिला लेकरासारखी वाढविणाऱ्यास काय वाटत असेल? तेव्हा सत्याचे बंधन एकट्या विकणाऱ्यावर नाही. घेणाऱ्याने आपली गरज, आपले ज्ञान आणि आपला हेतू खरा सांगणे हेही सौद्याचे अर्धे अंग आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहण्याजोगे आहे, कारण आपल्या देशाच्या कायद्याने मौनाचा हा प्रश्न योगायोगाने घोड्याचेच उदाहरण घेऊन सोडविला आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात फसवणूक कशास म्हणावे हे सांगितले आहे. जाणूनबुजून दोष झाकणे ही फसवणूक होय; म्हणजे दात रंगविणे आणि औषध देऊन लंगडेपण दाबणे यांची वाट तेथेच बंद झाली. पण नुसत्या मौनाचे काय? कलमाखाली उदाहरणे दिली आहेत. एकाने लिलावात घोडा विकला. तो सदोष आहे हे त्यास माहीत होते. तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे नात्यामुळे दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, “तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” आणि विकणारा गप्प बसतो. येथे त्याचे मौन हे बोलण्यासारखेच आहे. पुढे १९३० च्या माल विक्री कायद्याच्या १६ व्या कलमाने असे ठेवले की मालाच्या गुणाविषयी अध्याहृत हमी सामान्यतः नाही. जे अपवाद आहेत त्यांतील मुख्य अपवाद त्या मालाचा धंदा करणाऱ्यास लागतात. म्हणजे ज्याचा तो धंदा नाही अशा गृहस्थाने आपला घोडा विकला तर घेणाऱ्याने आपले डोळे आपणच उघडे ठेवावेत, हा नियम. व्यापाऱ्यापेक्षा शेजाऱ्याशी केलेल्या सौद्यात कायद्याचा आधार कमी, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते.

पण येथे एक विवेक करावयास हवा. अमुक मौन फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. अमुक मौन योग्य आहे, असे तो म्हणत नाही. ज्याच्या खाली गेल्यास सरकारने हात घालावा अशी ती शेवटची पायरी आहे. सज्जनाने राहावयाची जागा ती नव्हे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी ही पायरी जरा वरच ठेवली होती. मनुस्मृतीने सदोष माल, किंवा एकात दुसरे मिसळलेला माल, वजनात कमी असलेला माल, लपवून ठेवलेला माल विकणे अयोग्य ठरविले, आणि खरेदी-विक्रीनंतर पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्या-घेण्याची मुभा सांगितली. याज्ञवल्क्याने वस्तूपरत्वे परीक्षेचे दिवस निराळे केले: बियाण्यास दहा, लोखंडास एक, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन, आणि वाहनाच्या जनावरास पाच. त्याच यादीत दासदासींनाही मुदत आहे. ती त्या काळाची गोष्ट आज कोणी समर्थनीय मानणार नाही. पण जनावराचा नियम अनुभवातून आलेला दिसतो. घामाघूम केलेला घोडा एक संध्याकाळ गरीब राहील, पाच दिवस राहणार नाही. औषधाचा अंमलही तोवर बहुधा उतरेल. केवळ उपदेशाने माणूस खरे बोलेल यावर विसंबून न राहता, खोटे टिकणार नाही इतका अवधी त्यांनी मध्ये ठेवला.

यावर व्यवहारी मनुष्याचा आक्षेप ठरलेला आहे. तो म्हणतो, “मी सर्व दोष सांगितले तर माझा घोडा कोणी घेणार नाही, शेजारचा गप्प राहील आणि त्याचा विकला जाईल. मग सत्याची शिक्षा मलाच का?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यास मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसा हवा आहे, त्यास सत्य खरोखरच महाग पडते. परंतु या आक्षेपाच्या पोटातच त्याचे उत्तर आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की चांगला माल आणि वाईट माल घेणाऱ्यास ओळखू येत नसेल, तर तो दोहोंना मधलाच भाव देतो. मग चांगल्या मालाचा मालक तो भाव परवडत नाही म्हणून बाजारातून निघून जातो, वाईट तेवढा उरतो, आणि भाव आणखी उतरतो. पुढे २००१ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. याचा आपल्या विषयाशी अर्थ असा की प्रामाणिक विकणाऱ्यास आज जो कमी भाव मिळतो तो त्याच्या सत्यामुळे नव्हे. त्याच्या आधी जे गप्प राहिले त्यांच्यामुळे. त्याने स्वतः गप्प राहणे म्हणजे हाच तोटा पुढच्या प्रामाणिक माणसाच्या पदरात टाकणे होय.

मग काय काय सांगावे? सर्वच? माझ्या मते येथे चार भाग पाडता येतात. जो दोष डोळ्यांना उघड दिसतो, तो बोलून दाखविलाच पाहिजे असे नाही. जो दोष घोड्यासह राहिल्यावाचून कळत नाही आणि विकणाऱ्यास माहीत आहे, तो न विचारताही सांगितला पाहिजे. कारण तेथे घेणाऱ्याची सावधगिरी कितीही असली तरी पोहोचत नाही. जेथे विकणाऱ्यास केवळ शंका आहे, तेथे त्याने ती शंका म्हणून सांगावी. तिचा निर्णयही करू नये आणि ती गिळूही नये. आणि जो दोष उभयतांस ठाऊकच नव्हता, त्याचा भार कोणी सोसावा हे आधी मोकळेपणाने ठरवावे. विजयनगरचा राजा साळुव नरसिंह याच्याविषयी नुनिझ हा पोर्तुगीज लेखक सांगतो की होर्मुझ आणि एडनहून येणारे घोडे तो जिवंत असोत वा मेलेले, विकत घेई. जे समुद्रात मरत त्यांचे नुसते शेपूट आणून दाखविले तरी पैसे देई. राजास घोड्यांची गरज होती, म्हणून प्रवासाचा धोका त्याने उघडपणे आपल्या शिरावर घेतला. यात अन्याय कोणावरही नाही. नुकसान कोणाच्याही वाट्यास जावो, ते त्यास कळवून जावे; अन्याय होतो तो नकळत ढकलल्याने.

भोवऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. घोड्याच्या अंगावरील केसांच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ पाहण्याची चाल फार जुनी. नलाने ऋतुपर्णाच्या रथास कृश दिसणारे घोडे निवडले तेव्हा त्यांचे दहा आवर्त पाहिल्याचा उल्लेख महाभारतातच आहे. आजही देवमण असलेल्या घोड्यास अधिक मोल येते आणि अशुभ भोवऱ्याचा गुणी घोडा पडून राहतो. ज्याचा यावर विश्वास आहे त्याने तसा भाव मागावा. त्यात असत्य नाही. पण ज्याचा स्वतःचा काडीइतका विश्वास नाही, त्याने घेणाऱ्याच्या श्रद्धेवर दोन पैसे जादा उकळावेत काय? भोवरा खरा असला तरी “याने तुमच्या घरी भरभराट होईल” हे त्याचे वाक्य त्याच्यापुरते खोटेच आहे. देवाधर्माच्या नावाने ज्यांच्या घरी चूल पेटते अशा आमच्यासारख्यांनी तर हा प्रश्न स्वतःस अधिक कडकपणे विचारला पाहिजे.

आतापर्यंत आपण दोन पक्षांचा विचार केला. परंतु या सौद्यात तिसराही पक्ष आहे, आणि तो म्हणजे स्वतः घोडा. घर विकताना खोटे बोलले तर घरास काही होत नाही. घोडा विकताना खोटे बोलले तर घोडा मार खातो. बुजरा घोडा गरीब म्हणून विकला की तो अननुभवी हातात पडतो; मग चाबूक, मग कडक लगाम, मग आणखी बुजणे, आणि पुन्हा पुढच्या गिऱ्हाइकास तेच खोटे. असा एकेक हात बदलत तो उतरत जातो, आणि पहिल्या मालकाने वाचविलेल्या पैशाचे व्याज तो आपल्या पाठीवर फेडीत राहतो. शिवाय कधी माणसाच्या जिवाचाही प्रश्न असतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसास होतो, आणि २००९ च्या पशुरोग नियंत्रण कायद्याप्रमाणे त्याची शंका आल्यास कळविणे मालकावर बंधनकारक आहे. तेथे मौन हा केवळ किमतीचा प्रश्न राहत नाही.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे माउलींचा अश्व चालतो. तो बेळगाव भागातील अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतो, आणि त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. रिंगणात तो धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. त्या घोड्याचे मोल कोणी विचारीत नाही. आपल्या दारातील घोड्यास आपण तेवढा मान देऊ शकणार नाही, त्यास मोल लावावेच लागेल. परंतु ज्याच्या जातीस आपण वर्षातून एकदा नमस्कार करतो, त्यास उरलेल्या दिवसांत निव्वळ माल समजावे, हे कसे शोभेल?

तात्पर्य, घेणाऱ्याने संकोच न धरता कायद्यातील ते वाक्य स्पष्ट उच्चारावे, की तुम्ही काही बोलला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन. यात अविश्वास नाही. समोरच्यास सत्य बोलण्याची संधी आहे. विकणाऱ्याने माहीत असलेल्या खोडी पावतीवरच लिहून द्याव्यात. त्यामुळे पुढचा वाद वाचतो आणि त्याचेही रक्षण होते. आणि दोघांनी याज्ञवल्क्याचे पाच दिवस मध्ये ठेवावेत.

राहिला तो मुलीचा प्रश्न. कायद्याने सांगितले की घेणारी आपली मुलगी असेल तर न विचारताही बोलावे. का? तिचे बरेवाईट ते आपले बरेवाईट म्हणून. कायद्यास कोठेतरी रेघ ओढावी लागते, आणि त्याने ती घराच्या उंबरठ्यावर ओढली. ती रेघ कितपत पुढे सरकवावयाची हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे: शेजारापर्यंत, गावापर्यंत, की पाहावयास आलेल्या अनोळखी गृहस्थापर्यंत. एकाच देवापुढे हात जोडून उभे राहणाऱ्यांना ती उंबरठ्यावरच ठेवता येईल, असे मला वाटत नाही.